शिवदोऱ्याची गाठ

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला लोक हटकून दोन गोष्टी विचारतात. तिकडे थंडी फार असते का, आणि त्या लोकांचं बोलणं कळायचं का. तिकडे तुम्हाला भीती वाटायची का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. जाण्याआधी भीती वाटत होती, तिथे असताना वाटत होती, आणि परत येताना तर सगळ्यात जास्त वाटत होती. थंडीचं काय एवढं, अंगात दोन कपडे जास्त चढवले की भागतं.

मी मूळचाच भित्रा. सोलापुरात आमचं कापडाचं दुकान होतं. घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी चालायचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अप्पांना गावात मान होता आणि अव्वाचा घरात धाक होता, त्यामुळे आम्ही भावंडं अप्पांशी बोलायचो आणि अव्वाचं ऐकायचो.

आमच्या लिंगायत घरात मूल जन्माला आलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीची एवढीशी डबी, डबीत लिंग, आणि डबी गळ्यात अडकवायला दोरा. तो शिवदोरा. एकदा अंगावर आलेलं लिंग जीव असेतो उतरवायचं नाही. रोज अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि त्यानंतरच तोंडात काही घालायचं. पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही. एकाचं लिंग दुसऱ्याच्या गळ्यात जात नाही. ज्याचं त्याला, जन्मापासून मातीत जाईपर्यंत.

मी शाळेतून, खेळून किंवा तळ्यावर पोहून घरी आलो की अव्वा आधी माझ्या सदऱ्याच्या गळ्यात दोन बोटं घालायची आणि दोरा चाचपून बघायची. हाताला दोरा लागला की मग भूक लागली का, कुठे पडलास का, कुणी मारलं का, हे सगळं विचारायची. ती बोटं नेहमी गार असायची. ती मानेला लागली की मी चोरी न करताही चोरासारखा उभा राहायचो.

तिची एक गोष्टही होती. अक्कलकोटाकडच्या एका माणसाचं लिंग नदीत अंघोळ करताना गळून पडलं. त्यानं काठावर बसून अन्नपाणी सोडलं. घरचे आले, गाव आलं, पण तो हलेना. लोकांनी नदी ढवळून काढली. इथे येऊन अव्वा थांबायची आणि तांदूळ निवडायला लागायची. मग सापडलं का, असं मी दर वेळी विचारायचो आणि ती दर वेळी म्हणायची, "तू हरवू नको म्हंजे झालं." तो माणूस जगला की मेला, ते मला आजतागायत माहीत नाही. लहानपणी मी तळ्यात पोहायचो तो एका हातानं, दुसरा हात छातीवरच्या डबीवर दाबून धरलेला. बाकीची पोरं मला लंगडा बेडूक म्हणायची.

पुण्याला कॉलेजात असताना माझ्या खोलीत सोलापूरचाच एक सोबती होता. तो पद्मशाली, पूर्व भागातला. त्याच्या घरात तेलुगू बोलायचे आणि दिवसभर माग चालायचे. आमच्या दुकानातली निम्मी लुगडी त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या मागांवरची. त्याच्या गळ्यात जानवं, माझ्या गळ्यात लिंग. मी खायचो त्याला तो गवत म्हणायचा, आणि तो काय खातो हे मी विचारतच नसे. स्वभावानं तो माझ्या अगदी उलट. मला दाराची कडी वाजली तरी धस्स व्हायचं, आणि हा गडी साप निघाला तर तो कुठल्या जातीचा आहे ते बघायला पुढे जायचा.

एकोणीसशे तीसच्या आसपासचे ते दिवस. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि अप्पांच्या डोक्यात आलं की पोरानं विलायतेला जाऊन कापडाची विणाई आणि रंगाई शिकून यावं. माझ्या सोबत्याच्या वडिलांच्या डोक्यातही तेच आलं. आमच्या दोघांच्या डोक्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही. तो आनंदानं नाचला. मी आठवडाभर नीट जेवलो नाही.

निघायच्या दिवशी अव्वानं मला देवघरासमोर बसवलं. जुना शिवदोरा काढून तिनं नवा ओवला, आणि तेवढा वेळ मला डबी मुठीत घट्ट धरून ठेवायला लावलं. मग दोऱ्याची टोकं मानेमागे घेऊन तिनं गाठ मारली. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक, अशी चिंचोक्याएवढी गोळी झाली. उन्हात वाळवलेली बेलाची पानं आणि विभूतीचे गोळे असलेला पत्र्याचा डबा तिनं माझ्या हातात दिला.

"ही गाठ माझी हाय," ती म्हणाली. "सुटली तर मला कळंल. अंगावरनं उतरलं तर परत येऊन मला तोंड दावू नको."

अप्पा म्हणाले, "अगं, पोरगं दूर चाललंय. असं बोलू नको."

"दूर चाललंय म्हूनच बोलतीय की," अव्वा म्हणाली आणि आत निघून गेली.

बोटीवर माझे हाल कुत्रं खाईना. पहिले कितीतरी दिवस मी पडून होतो. सोबती माझ्या उशाशी बसून लिंबू चोखायला द्यायचा आणि वर डेकवर काय काय चाललंय त्याचं वर्णन करायचा. एकदा त्यानं मला विचारलं, असं ओकत असताना डबी तोंडाशी येते, ती बाजूला का ठेवत नाहीस? तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पूजेआधी पाणीसुद्धा चालत नाही हे सांगितलं, अव्वाची गाठ सांगितली, तिचं बोलणं सांगितलं आणि नदीकाठी बसलेल्या माणसाची गोष्टही सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मग सापडलं का?" त्यानं विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"लई वंगाळ गोष्ट हाय ही," तो म्हणाला आणि वर निघून गेला.

आमचं कॉलेज लँकेशायरातल्या एका गिरणगावात होतं. सोलापुरात एवढ्या गिरण्या पाहिल्या होत्या, तरी तिथे उतरल्यावर माझी छाती दडपली. सोलापुरात भोंगा वाजतो तेव्हा वर आभाळ तरी असतं. इथे आभाळच नव्हतं, नुसता धूर आणि ओलसर धुकं. विटांची काळी घरं एकमेकांना चिकटून उभी आणि सगळ्यांची दारं बंद. सोलापुरात भर दुपारी आमच्या गल्लीतलं एक दार बंद दिसलं तरी लोक चौकशीला जातात. इथे गल्लीभर दारं बंद आणि कुणाला काही वाटत नाही. रस्त्यात मी कायम सोबत्याची बाही धरून चालायचो. तो झटकायचा, मी परत धरायचो.

घरमालकीण विधवा बाई होती. बोलायला तुटक, पण मनानं वाईट नव्हती. अंघोळ आठवड्यातून एकदा, शनिवारी, स्वयंपाकघरात पत्र्याचा टब ठेवून. मी रोज अंघोळ करतो म्हटल्यावर तिला वाटलं मला कातडीचा काही रोग आहे. शेवटी रोज सकाळी तांब्याभर गार पाण्यानं मी अंग पुसून घ्यायचो, दात वाजवत विभूती लावायचो आणि खाटेवर बसून पूजा करायचो. अशी पूजा लागू पडते की नाही, हे विचारायला त्या गावात आमचा गुरू, एकही जंगम नव्हता. एकदा बाई कोळसे घेऊन खोलीत आली, तेव्हा मी तळहातावर लिंग घेऊन डोळे लावून बसलो होतो. तिनं कोळसे तिथेच ठेवले आणि खाली जाऊन माझ्या सोबत्याला विचारलं, की त्याच्या घरी कुणी वारलं का?

"घरी समदे ठीक हायेत म्हणून सांगितलं," सोबती मला म्हणाला. "पण तुझं तोंडच तसं हाय, तिचा काय दोष."

खाण्याचं काय सांगावं. बटाटा, पाव, चीज आणि उकडलेला कोबी. त्याच कढईत आधी काय शिजलं असेल, या धास्तीनं घास गिळवत नसे. सोबती माझ्यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊन भांडी बघून यायचा आणि दारातून मान हलवायचा. त्यानं मान हलवली की मी जेवायचो. तो खोटी मान हलवत असेल का, ही शंका मी मुद्दाम मनात येऊ दिली नाही.

कॉलेजच्या कार्यशाळेत वाफेवर चालणारे माग होते. वर लोखंडी दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे सपासप खाली यायचे. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं की गळ्यात काही लोंबतं ठेवायचं नाही. टाय आत खोचा, मफलर काढा, साखळी असेल तर घरी ठेवून या. त्यांच्या डोळ्यांदेखत एका मुलाचा मफलर पट्ट्यात गेला होता आणि मफलरामागोमाग मुलगाही. त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझा हात आपोआप छातीवर गेला.

त्या दिवशी मी मागाजवळ गेलोच नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. संध्याकाळी सोबत्यानं त्याच्या जुन्या धोतराची लांब पट्टी फाडली आणि डबीवरून माझ्या छातीला तीन-चार वेढे घालून घट्ट बांधली. "आता ओढ म्हणावं तुझ्या पट्ट्याला," तो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी तो माझी छाती बांधायचा आणि मी मागासमोर उभा राहायचो. श्वास पुरा घेता यायचा नाही. तरी पट्टा सपकन खाली आला की काळजात लक्क व्हायचं. त्या सगळ्या काळात विणाईपेक्षा मी त्या पट्ट्यांकडेच जास्त बघितलं.

हळूहळू सवय झाली. काटे-चमचे वापरता यायला लागले, धुक्यातून कॉलेजचा रस्ता सापडायला लागला, घरमालकीण दारात उभं राहून हवेबद्दल बोलायला लागली. आता आपण निभावून नेऊ असं मला वाटू लागलं, आणि नेमकं तेव्हाच माझं पोट खरोखर दुखायला लागलं.

पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. कोबीनं झालं असेल म्हटलं. सोबती म्हणाला, "दरवेळी पट्टा बगून तुझं पोट दुकतंय, आता काय नवीन?" पण दुसऱ्या दिवशी मला सरळ उभं राहता येईना आणि अंग तापानं फणफणलं. घरमालकिणीनं एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सोबत्याला डॉक्टरला बोलवायला पाठवलं. डॉक्टरनं पोटाच्या उजव्या बाजूला बोट दाबलं तसा मी ओरडलो. दुपारी मी इस्पितळात होतो. आतडं सुजलंय, ताबडतोब कापावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

खरं सांगतो, कापायचं म्हटल्यावर मला जेवढी भीती वाटली त्याहून जास्त भीती नंतर वाटली. एक परिचारिका आली. तिच्या हातात एनॅमलचा पांढरा ट्रे होता, आणि त्यात कुणा म्हाताऱ्याची दातांची कवळी होती. अंगावरचं सगळं काढून यात ठेवा, असं ती म्हणाली. अंगठी, घड्याळ, दात, सगळं. माझ्या छातीवरची पट्टी सोडली तशी डबी दिसली.

मी डबी मुठीत धरली. नाही म्हणालो.

तिनं समजावलं. आत अंगावर काहीही चालत नाही. मुठीत धरतो म्हणालो, तर म्हणाली हात बांधलेले असतात. पायाला बांधा म्हणालो. मला आता हसू येतं, पण तेव्हा मी खरंच पाया पडल्यासारखा विनवत होतो. मोठा डॉक्टर आला, त्यानं घड्याळ बघितलं आणि सोबत्याला म्हणाला की तुमच्या मित्राला सांगा, आणखी वाद घातला तर डबी राहील आणि मित्र राहणार नाही.

सोबती माझ्यावर वाकला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला घाबरलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला, आणि त्यामुळे माझा उरलासुरला धीर गेला.

"दे की रे," तो म्हणाला. "जगलास तर परत घाल."

"अव्वा तोंड बगणार न्हाई."

"मेलास तर कुणाचं तोंड बगंल?"

 कळ पोटातून वर आली, मूठ आपोआप सैल झाली. परिचारिका गाठ सोडायला गेली, पण अव्वाची गाठ तिला सुटते कुठली. तिनं कात्री घेतली. मानेमागे कच्च असा बारीक आवाज झाला. तो आवाज मी अजून ऐकतो. डबी ट्रेकडे जाताना दिसली, त्या कवळीच्या शेजारी, आणि मी "खाली ठेवू नका" असं मराठीत ओरडलो. मग तोंडावर काहीतरी ओलं आणि गोडसर वासाचं दाबलं गेलं. शेवटचा विचार मला आठवतो. मी मरतोय आणि गळा रिकामा आहे, असा तो विचार होता.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटात निखारा ठेवल्यासारखं होतं. पण हात पोटाकडे गेला नाही, गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं. छाती चाचपली, उशीखाली बघितलं, चादर ओढली. परिचारिकेला विचारलं तर तिनं सांगितलं, तुमचा मित्र घेऊन गेला. कुठे गेला? घरी. कधी येईल? उद्या दुपारी, भेटीच्या वेळेला, त्याआधी कुणालाही आत सोडत नाहीत. तिनं माझ्या ओठांना ओला कापूस लावला. मी तोंड फिरवलं. पूजा झाली नव्हती आणि पूजा करायला हातात लिंग नव्हतं.

त्या वेळेसारखी भीती मला तोवर आयुष्यात कधी वाटली नव्हती. सोबत्यानं ते कुठे ठेवलं असेल? टेबलावर? बुटांशेजारी? खिशात घालून ट्राममधून जाताना पडलं असेल तर? मग माझ्यासाठी या देशातली नदी ढवळायला कोण येणार होतं? पडून पडून मी अव्वाची बोटं माझ्या मानेवर फिरताना बघत होतो. ती दोरा शोधत होती आणि दोरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली आणि लोक फुलं घेऊन आत आले. सगळ्यांच्या मागून सोबती आला. त्याचं तोंड इवलंसं झालं होतं, ओठांना पांढरी साल आली होती, आणि तो खाटांचे दांडे धरत धरत चालत होता. माझ्यापेक्षा तोच आजारी दिसत होता.

"कुटं हाय?" मी विचारलं. कसा आहेस, ये, बस, काही नाही.

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कोट उघडला, शर्टाच्या गुंड्या काढल्या. खांद्यावरून तिरपं जानवं आलेलं होतं, आणि त्या जानव्यावर, त्याच्या उघड्या छातीवर, माझी डबी होती. तुटलेला शिवदोरा त्यानं स्वतःच्या मानेमागे बांधला होता.

"हे तुझ्या गळ्यात?" मी म्हणालो.

"अंगावरनं उतरू द्यायचं न्हाई म्हणला होतास की," तो हळूच म्हणाला. "तुझ्या अंगावर ठेवू देईनात. मग म्हटलं, कुणाच्या तरी जित्या माणसाच्या अंगावर ऱ्हावं. ट्रेमधनं लगेच उचललं बग. खाली टेकू दिलं न्हाई कुटंच."

आमच्या रीतीप्रमाणे याहून मोठी चूक शोधून सापडली नसती. दुसऱ्याच्या गळ्यात, तेही जानव्यावर! हे ऐकलं असतं तर अव्वानं काय केलं असतं याचा विचारसुद्धा माझ्यानं करवेना. पण मी हात पुढे केला. त्यानं दोरा सोडून डबी माझ्या तळहातावर ठेवली, ती त्याच्या अंगाच्या उबेनं कोमट होती. मग त्यानं तो दोरा माझ्या गळ्यात घेतला आणि मानेमागे एका हिसड्यात गाठ मारली. मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ, बारीक, चपटी, बोटाला जेमतेम लागणारी. ती त्याच्या हाताला लहानपणापासून येत होती.

मी डबी उघडली, डोळे मिटले, जमलं तेवढं म्हटलं. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

"झाली पूजा?"

"व्हय."

"मग आता मी पानी पिऊ का रे?"

मला आधी कळलंच नाही. मग एकेक करून कळत गेलं. ज्याच्या गळ्यात हे आहे त्यानं पूजेआधी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे मीच त्याला बोटीवर सांगितलं होतं. पूजा त्याला येत नव्हती. मंत्र विचारायचा तर मी बेशुद्ध. तेव्हा त्यानं सरळ अन्नपाणी बंद केलं होतं. घरमालकिणीनं चहा केला, तो त्यानं ओतून दिला. डबी गळ्यात आल्यापासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"येड्या," मी म्हणालो.  रडलं की टाके ओढतात, हे मला तेव्हा समजलं. परिचारिकेनं त्याला पेला भरून दिला, आणि तो तिथेच उभ्यानं गटागटा प्यायला.

पोटाची जखम भरली. दुसरी भीती मात्र वाढत गेली. घरी मी काहीच लिहिलं नाही. थोडा खोकला झाला होता, आता बरा आहे, एवढंच कळवलं. कापलेला दोरा आखूड झाला होता, त्यामुळे डबी दोन बोटं वर आली होती. अव्वासारखी गाठ मारता येते का, म्हणून मी सुतळीवर पुष्कळ प्रयत्न करून बघितले. साधलं नाही. त्यातून हे लिंग आता माझं उरलं की नाही, हा प्रश्न होताच. तरी मी रोज पूजा करत होतो, आणि रोज पूजा करताना घाबरत होतो. परीक्षा झाली, बोट सुटली. बाकीची हिंदी मुलं किनारा जवळ यायला लागला तशी गाणी म्हणायला लागली. मला परत ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि समुद्र तर अगदी शांत होता.

"मी सांगतो की अव्वाला," सोबती म्हणाला.

"तू तोंड उघडू नको. तुझ्या गळ्यात होतं म्हटलं तर ती मला घरातच घ्यायची न्हाई."

सोलापूर स्टेशनात गाडी शिरली तेव्हा सकाळचं ऊन फलाटावर पसरलं होतं. किती दिवसांनी वर निळं आभाळ दिसलं, पण ते बघायला माझं चित्त कुठे होतं. सोबत्याची सगळी मंडळी हार घेऊन आली होती आणि तेलुगूत एकदम बोलत होती. आमच्याकडून अप्पा आले होते, मठातले वयस्कर जंगम आले होते.  आणि अव्वा आली होती, हातात घरून भरून आणलेला तांब्या घेऊन. बाहेरचं पाणी मी पहिल्या पावली पिऊ नये म्हणून.

मी वाकून पाया पडलो. उठतोय तोवर तिची बोटं माझ्या कॉलरच्या आत गेली होती. तशीच गार.

दोरा लागला.  बोटं दोऱ्यावरून मागे सरकली, गाठीपाशी आली आणि थांबली. तिनं गाठ दोन बोटांत धरून चोळली.

"ही गाठ माझी न्हाई," ती म्हणाली.

मी बुटांकडे बघायला लागलो.

"मागावरची गाठ हाय ही." आयुष्यभर लुगडी हाताळलेली बाई ती. "कुणी सोडलं हे? कशापायी उतरलं अंगावरनं?"

जंगम जवळ सरकले. अप्पा माझ्याकडे बघत होते. आगगाडीत रचून ठेवलेलं सगळं बोलणं माझ्या तोंडातून नाहीसं झालं.  उरलं होतं तेवढंच बाहेर पडलं.

"अव्वा, माझं पोट कापलं तितं."

तिची बोटं गाठीवरून सुटली. कॉलरमधून हात बाहेर आला, छातीवरून खाली आला, डबीवरूनसुद्धा न थांबता खाली आला आणि माझ्या कोटावर, पोटापाशी येऊन अडला.

"कुटं?"

मी तिचा हात धरून उजव्या बाजूला ठेवला. तिनं हलकेच दाबलं.

"दुकतंय का अजून?"

"न्हाई."

तिनं परत एकदा तिथेच दाबून बघितलं. गाठीचं विचारायचं ती विसरली होती. ती कुणाला भीत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

जंगमांनी घसा खाकरला. "मग तवर लिंग कुणाजवळ होतं?"

मी काही बोलायच्या आत सोबती त्याच्या लोकांतून बाहेर आला. गळ्यात झेंडूचे दोन हार, तोंडावर गुन्हेगाराची कळा. "माझ्या गळ्यात होतं," तो म्हणाला. "खाली ठेवायचं न्हाई म्हून. मला पूजा येत न्हवती अव्वा, पण मी शिवलो न्हाई कशाला. जेवलो बी न्हाई, हा उठंपर्यंत."

"आन् पानी?" अव्वानं विचारलं.

"पानी बी न्हाई."

अव्वा त्याच्याकडे बघत राहिली.  मग तिनं डाव्या हातातला तांब्या त्याच्यापुढे केला. माझ्यासाठी आणलेला, आमच्या घरातला, आमच्याशिवाय कुणाच्या ओठांना न लागलेला.

जंगम म्हणाले, "अव्वा, तो तांब्या..."

तिनं त्यांच्याकडे मानही वळवली नाही. "कुडी," ती त्याला म्हणाली. पी. कानडीतलं असं एकेरी ती फक्त आम्हा पोरांशीच बोलायची. "माझ्यासमोर पी. समदं पी."

त्याला तहान लागली नसावी. पण तो माझ्याइतकाच घाबरला होता, आणि त्यानं तांब्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून हारांवर सांडत होतं. अव्वा त्याच्याकडे बघत उभी होती, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत तिनं दुसरा हात माझ्या पोटावरून काढला नाही.